पुराचा सराव, जेवणासह

नदीला पूर येणं निसर्गाच्या हातात असतं. पूर आला आहे असं समजणं मात्र सर्वस्वी सरकारच्या हातात असतं. या दुसऱ्या प्रकारच्या पुराकडे अभ्यासकांनी म्हणावं तसं लक्ष दिलेलं नाही. वास्तविक पहिल्या प्रकारच्या पुरात माणसं उपाशी राहतात आणि दुसऱ्यात पोटभर जेवून घरी जातात, एवढ्यावरून तरी श्रेष्ठ कोणता ते ठरायला हरकत नव्हती. असा एक पूर आयर्लंडच्या मध्यभागी, ड्रमशॅलन या गावी, शनिवार दिनांक नऊ जुलै एकोणीसशे त्र्याऐंशी रोजी दुपारी तीन वाजता येऊन गेला. त्यात एकशे ब्याऐंशी नागरिक विस्थापित झाले, दोन बैलांचं मांस संपलं, आणि डिम्पना हॅनराटी नावाच्या एका कारकून मुलीचं लग्न ठरलं. (ज्या मुलीचं लग्न त्या दिवशी लागलं ती वेगळी. ते पुढे येईलच.)

ड्रमशॅलन निचरा व पूरनिवारण मंडळाचं काम तसं सोपं होतं. स्लीवन नदीतला गाळ काढायचा, चर साफ ठेवायचे, आणि पूर आलाच तर लोकांना तंबूत नेऊन गरम सूप द्यायचं. मंडळाचे मुख्य अभियंते अलॉयशस क्विलिगन. साहेब इतक्या मोठ्या मनाचे की घर आणि कचेरी असा भेदभाव त्यांनी कधी केला नाही. नदीतून निघालेली खडी सरकारी आवारात पडून वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ती स्वतःच्या अंगणात पसरून घेतली. मंडळाची होडी दर रविवारी, सुट्टीची पर्वा न करता, ते स्वतः तळ्यावर नेत आणि पाण्याची पातळी पाहत. (या पातळीच्या नोंदी पौंडांत आहेत आणि काहींपुढे 'ट्राउट मासा' असा शेरा आहे.) मंडळाची गाडी गंजू नये म्हणून दर गुरुवारी तिला बाईसाहेबांच्या केशभूषाकारापर्यंत धाववण्यात येई. मंडळाच्या चर-सफाई पथकाने चौदा वर्षांत जेवढे चर खणले त्यांतले एकसष्ट टक्के साहेबांच्या बटाट्याच्या वाफ्यांतून जात, आणि त्या वाफ्यांत चौदा वर्षांत एकदाही पाणी तुंबलं नाही. कामगिरीचा इतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कोणत्या खात्याने दिला आहे?

हे सगळं नियमात बसे. आपोआप बसत नसे. डिम्पना बसवत असे.

ती बावीस वर्षांची असताना नोकरीला लागली. दुसऱ्याच आठवड्यात साहेबांनी पथकाच्या तेवीस माणसांना तीन दिवस दलदलीत पाठवून स्वतःच्या घरासाठी टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची वाळकी माती, कापून आणवली आणि हजेरीपट डिम्पनापुढे ठेवला. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात काय लिहावं? पोरीने पेन्सिल चावली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि लिहिलं: 'दलदलीच्या शोषणक्षमतेची प्रत्यक्ष खोदकामाद्वारे चाचणी. नमुने पुढील तपासणीसाठी कोरड्या जागी हलवले.' (ही तपासणी साहेबांच्या शेकोटीत पुढे हिवाळाभर चालली.) साहेबांनी ते वाक्य तीनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पोरी," ते म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतीस गं?"

डिम्पनाला त्या दिवशी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. शाळेत तिच्या निबंधांना कोणी कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती सायकलवरून शीळ घालत खोलीवर गेली. आपण आता जन्माच्या अडकलो, हे तिला कळायला पुढची दोन वर्षं लागली.

अडचण अशी की डिम्पनाचा जीव ड्रमशॅलनमध्ये नव्हताच. तो शंभर मैलांवर, पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅरिगबान या तिच्या गावी होता, आणि त्याचं नाव पॅडर. पॅडर तिथल्या धक्क्यावरून समोरच्या बेटापर्यंत होडी चालवायचा. बेटावर शेहेचाळीस माणसं, आणि त्यांना तपासायला धक्क्यावरून जाणारा, बोट लागणारा एक डॉक्टर. पॅडर हलला असता तर बेटाला पत्र, पाव आणि डॉक्टर, तिन्ही बंद. तेव्हा हलायचं डिम्पनानेच. त्यासाठी बदली हवी, बदलीसाठी साहेबांची सही हवी, आणि तिने पाच वर्षांत सात अर्ज केले होते. सातही साहेबांच्या टेबलाच्या उजव्या खणात होते. पहिल्यावर शेरा होता 'विचाराधीन'. चौथ्यावर 'योग्य वेळी'. सातव्यावर 'योग्य वेळ विचाराधीन'.

तीनदा ठरलेलं लग्न तीनदा पुढे गेलं. आणि आता कॅरिगबानच्या बंदर-कचेरीतल्या कारकून मिस कॉन्सिडिन एकतीस ऑगस्टला निवृत्त होत होत्या. त्या दिवसापर्यंत माणूस रुजू झाला नाही तर ती जागाच रद्द व्हायची. तशी जागा किनाऱ्यावर दुसरी नव्हती.

दर रविवारी प्रार्थनेनंतर पॅडर धक्क्यावरच्या टेलिफोनवरून बोलायचा.

"झालं?"

"नाही."

"का म्हणे?"

"मी कामाला फार चांगली आहे म्हणे."

पलीकडे समुद्रपक्षी ओरडत होते. पॅडर त्यांच्या वर आवाज काढून म्हणाला, "ते मलाही माहितीये. पण मी काय तुला खणात घालून ठेवलंय?"

मे महिन्यात साहेबांच्या थोरल्या मुलीचं, अ‍ॅट्रॅक्टाचं, लग्न ठरलं. नवरा शेजारच्या परगण्यातला, गुरांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. पाहुणे एकशे ब्याऐंशी. आता एवढ्या माणसांना बसवायचं तर मांडव हवा, खुर्च्या हव्यात, चुली हव्यात, राबायला माणसं हवीत. साहेब खिडकीशी उभे राहून विचार करत होते, आणि खिडकीतून समोर मंडळाचं कोठार दिसत होतं: चार मोठे तंबू, दोनशे घडीच्या खुर्च्या, दोनशे घोंगड्या, फिरतं स्वयंपाकघर एक. हा सगळा माल पुराची वाट पाहत अकरा वर्षं पडून होता. साहेबांना त्याची दया आली.

"डिम्पना, पोरी," ते म्हणाले, "आपण पूर-सज्जतेचा सराव करून किती वर्षं झाली?"

"कधी केलाच नाही, साहेब."

"बघ! म्हणजे किती उशीर झालाय."

डिम्पनाने परिपत्रक लिहिलं. जाणकारांच्या मते तिच्या लेखणीतून उतरलेलं ते सर्वोत्तम परिपत्रक. पाहुण्यांना त्यात 'प्रातिनिधिक विस्थापित नागरिक' म्हटलं होतं. तीन मजली केक हा 'दीर्घकाळ टिकणारा, उच्च उष्मांकाचा आपत्कालीन आहार (रचून ठेवलेला)' होता. व्हायोलिन आणि अ‍ॅकॉर्डियनवाले 'जनतेचं मनोधैर्य टिकवणारं पथक', आणि पाद्री फादर टायर्नी 'प्रत्यक्ष जीवितहानी झाल्यास उपलब्ध'.

पथकाचा मुकादम मर्ट लेसी तिच्या खांद्यावरून वाचत होता. तीस वर्षं गाळ काढून त्याचं तोंड गाळासारखंच झालं होतं. त्यावर काही उमटायचं नाही.

"आणि नवरदेव?" त्याने विचारलं. "त्याला काय लिहिलंस?"

"बाहेरून मागवलेली मदत."

मर्टने मान डोलावली. "उशिरा पोचेल म्हणजे."

परिपत्रक सहीसाठी नेलं तेव्हा डिम्पनाने आठवा अर्जही बरोबर नेला. साहेबांनी परिपत्रकावर ऐटबाज सही ठोकली. अर्ज हातात घेतला, तिच्याकडे मायेने पाहिलं.

"एकदा हे लग्न होऊ दे गं. तू नसलीस तर हे खातं बुडेल. सप्टेंबरात बघू, निवांत."

"ऑगस्टनंतर ती जागा राहत नाही, साहेब."

"मग तर घाईच नको," साहेब म्हणाले, आणि उजवा खण उघडून बंद झाला.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. कानशिलं तापली होती. दुसऱ्याच्या मुलीचं लग्न शब्दाशब्दाने उभं करत होती ती, आणि स्वतःचं चौथ्यांदा मोडत होतं. समोर परिपत्रकाच्या तीन प्रती होत्या. पूर-सरावाच्या परिपत्रकाची तिसरी प्रत डब्लिनला मंत्रालयात पाठवावी, असा नियम आहे. मंडळाच्या चौदा वर्षांच्या इतिहासात डब्लिनला कुठलीही तिसरी प्रत गेली नव्हती, कारण वरच्यांना उगाच त्रास देऊ नये असं साहेबांचं मत होतं. डिम्पनाने पाकीट घेतलं, प्रत घातली, जिभेने तिकीट ओलं करून चिकटवलं. टपालपेटीत सोडण्याआधी तिने पाकीट दोनदा मागे घेतलं, कबूल. पण हे तिने रागाच्या भरात केलं असं कोणी म्हणू नये. तिने फक्त नियम पाळला. सरकारी कचेरीत याहून भयंकर गोष्ट नाही, हे तिला माहीत होतं की नव्हतं, त्याची नोंद नाही.

मंत्रालयात त्या पाकिटाने दिवाळी केली. देशातल्या एकाही मंडळाने अकरा वर्षांत पुराचा सराव केलेला नव्हता, आणि नेमका त्यावरच संसदेत प्रश्न विचारला जाणार होता. गुरुवारी, सात जुलैला, ड्रमशॅलनला तार आली: माननीय राज्यमंत्री शनिवारी दुपारी तीन वाजता सराव पाहायला जातीने येत आहेत, सोबत छायाचित्रकार.

साहेब तार वाचता वाचता खुर्चीत बसले. खुर्ची दोन फूट डावीकडे होती.

मर्टने त्यांना उचललं. बाईसाहेबांना फोन लागला. लग्न पुढे ढकलावं का, असं साहेबांनी नुसतं विचारलं तर त्यांचं उत्तर कचेरीतल्या सगळ्यांना फोनला कान न लावता ऐकू आलं. मंत्र्यांना पुढे ढकलणं तर शक्यच नव्हतं. साहेबांनी घाम पुसला आणि भिजल्या कोकरासारखे ते डिम्पनाकडे वळले.

"पोरी, काहीतरी लिही!"

"लिहून भागायचं नाही, साहेब," डिम्पना म्हणाली. "आता करावं लागेल."

शनिवार उजाडला तो लखलखीत. तीन आठवडे थेंब नव्हता. स्लीवन नदी इतकी आटली होती की बदकं तिच्यातून चालत जात होती. सकाळी अकराला चर्चमध्ये लग्न लागलं ते निर्विघ्न लागलं. दुपारी एक वाजता मंडळी नदीकाठच्या कुरणात आली, आणि तंबूच्या दारात मर्ट लेसीने प्रत्येकाला नारिंगी तरंग-जाकीट घालून, मनगटाला चिठ्ठी बांधून आत सोडायला सुरुवात केली. चिठ्ठ्यांवर डिम्पनाच्या अक्षरात वर्गवारी होती. नवऱ्या मुलाच्या शिकागोहून आलेल्या आत्याबाई, मिस ब्रिजी, यांच्या चिठ्ठीवर 'वृद्ध, चालू शकते' असं होतं.

"चालू शकते?" आत्याबाई कडाडल्या. "मेल्या, मी अजून नाचू शकते!"

मर्टने शांतपणे पेन्सिल काढली आणि दुरुस्ती केली.

बाईसाहेबांनी तरंग-जाकीट घातलं, पण टोपी काढायला नकार दिला. टोपीवर मोराची तीन पिसं होती. नवऱ्या मुलाचे मामा ह्यूई ठाण मांडून बसले होते. भाजलेलं मांस येईपर्यंत आपण जागचे हलणार नाही, पूर आला तर त्याला थांबायला सांगा, असं त्यांनी साफ सांगितलं. (परिपत्रकात अशा नागरिकांसाठी 'घर सोडण्यास नाखूष' ही वर्गवारी आधीच होती. डिम्पनाने सगळ्याचा विचार केला होता.) खूष होती ती एकटी अ‍ॅट्रॅक्टा. तिला कोणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"मला बागेत कारंजं हवं होतं, बाबांनी दिलं नाही," ती म्हणाली. "होडी चालेल. कुठे बसू?"

बरोबर तीनला काळी मोटार कुरणात शिरली. राज्यमंत्री उतरले. गोल, गुलाबी, हस्तांदोलनासाठीच जन्माला आलेला माणूस. मर्टने शिट्टी फुंकली आणि पूर आला.

एकशे ब्याऐंशी नागरिक तंबूतून उठून, हातात आपापलं सूप घेऊन, दोरीला धरून शेजारच्या तंबूत जाऊ लागले. पथकाची आठ माणसं मंडळाची होडी गवतावरून लाकडी ओंडक्यांवर ढकलत घेऊन आली; होडीत पांढऱ्या झग्यावर नारिंगी जाकीट घातलेली अ‍ॅट्रॅक्टा उभी, आणि ती सगळ्यांना हात करत होती. मनोधैर्य-पथकाने जोरदार पोल्का धरला. दोन म्हाताऱ्या दोरी सोडून नाचू लागल्या. ह्यूईमामांना खुर्चीसकट उचलून नेण्यात आलं. वाटेत त्यांनी एकदाही काटा खाली ठेवला नाही.

"ही बाई पांढऱ्यात का?" मंत्र्यांनी विचारलं.

साहेब मर्टच्या मागे सरकले. डिम्पना पुढे झाली. "लांबून दिसावी म्हणून, साहेब. काळ्या कपड्यातला माणूस पाण्यात सापडत नाही."

"किती साधी गोष्ट! आणि डब्लिनमध्ये कोणाला सुचली नाही."

एवढ्यात नवरदेवाने होडीतून बायकोला उतरवून घेतलं आणि, पोरगा भोळा, त्याला वाटलं एवढे लोक बघताहेत तर काहीतरी करावं, म्हणून तिचा मुका घेतला. साहेबांनी डोळे मिटले.

"कृत्रिम श्वासोच्छ्वास," डिम्पना म्हणाली.

मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाचित्रकाराला नीट मिळालं नाही म्हणून त्याने तो पुन्हा करायला लावला. चार वेळा. चौथ्या वेळेला सगळे विस्थापित आकडे मोजत होते.

मग मंत्री नागरिकांत मिसळले. आत्याबाईंसमोर खाली बसून, दोन्ही हातांत त्यांचा हात घेऊन त्यांनी विचारलं, "आई, घर सोडताना काय वाटलं हो?"

ब्रिजी आत्याबाई हसत होत्या, त्या थांबल्या. त्यांना कोणी हे कधी विचारलंच नव्हतं. "सत्तेचाळीस साली सोडलं मी," त्या म्हणाल्या. "भावाने कोव्ह बंदरापर्यंत घोडागाडीने पोचवलं. बोटीवरून दिसेनासा होईपर्यंत टोपी हलवत होता. परत आले तेव्हा तो नव्हता, आणि घरात कुणाची तरी गुरं बांधलेली." आणि त्या तरंग-जाकिटात तोंड खुपसून रडायला लागल्या. डिम्पनाने आपला रुमाल त्यांना दिला; सगळ्या दिवसात तिने लिहून न दिलेलं असं तेवढं एकच बोलणं झालं होतं.

मंत्र्यांनी डोळे पुसले आणि सोबत्याच्या कानात म्हणाले, "काय तयारी करून घेतलीय माणसांकडून!"

त्यानंतर आपत्कालीन आहार झाला: भाजलेलं मांस, तीन तऱ्हेचे बटाटे, आणि रचून ठेवलेला केक. मंत्र्यांनी दोनदा घेतलं. जेवून झाल्यावर हात पुसत त्यांनी डिम्पनाला तंबूच्या कोपऱ्यात बोलावलं.

"परिपत्रक तुम्ही लिहिलंत, ते मला कळलंय. आता मला खरं सांगा. हे काय आहे?"

डिम्पनाने सात वर्षांत पहिल्यांदा एक वाक्य जसं मनात आलं तसं बोलून टाकलं.

"लग्न आहे, साहेब."

मंत्री गंभीर झाले.

"हे कुठे कागदावर आहे?"

"नाही, साहेब."

"मग तसं नाही," मंत्री प्रेमाने म्हणाले. "मुली, मी सहा निवडणुका लढलोय. लग्न मला दारातूनच ओळखू येतं, नुसत्या टोप्या बघून. पण मंगळवारी संसदेत माझ्याकडे प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर म्हणून लग्न चालत नाही, सराव चालतो." आणि ते केकचा आणखी एक तुकडा बघायला वळले.

डिम्पना जागच्या जागी उभी राहिली. खरं बोलून पाहिलं होतं आणि त्याने काडीचा फरक पडला नव्हता. पण तंबूच्या पलीकडच्या टोकाला साहेब उभे होते, त्यांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की डिम्पना मंत्र्यांशी एकांतात बोलली आणि मंत्री गंभीर झाले. ते खुर्च्या पाडत धावत आले. जाकीट तिरपं, कपाळावर क्रीम.

"काय विचारलं? काय सांगितलंस? डिम्पना? पोरी?"

डिम्पनाला तेव्हा कळलं की आपल्या हातात काय आहे. तिने पर्स उघडली. नववा अर्ज तीन प्रतींत, मध्ये कार्बन कागद.

"ते पुन्हा बोलावणार आहेत मला," ती म्हणाली. आवाज इतका शांत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. "पण मी कॅरिगबानला असले तर कसं बोलावणार? लांब आहे हो ते."

साहेबांनी पेन मागितलं. टेबलावर सगळीकडे सूप. मर्ट लेसी जवळच होता. त्याने न विचारता पाठ वाकवली. साहेबांनी त्याच्या पाठीवर सही केली.

"जोर द्या, साहेब," खालून मर्ट म्हणाला. "तिसऱ्या प्रतीवर उमटलं पाहिजे."

सही होतेय हे पाहून मंत्री परतले. सही चालू असलेल्या जागी पाय थांबणं हा त्यांचा स्वभाव होता. "विस्थापितांचं प्रमाणपत्र? छान, छान," म्हणत त्यांनी पेन घेतलं आणि साहेबांच्या सहीखाली आपलीही ठोकली. मर्टने पाठ सरळ केली आणि कागद डिम्पनाच्या हातात दिला.

"जा आता," तो म्हणाला. "पळ! विस्थापित हो."

ती पळाली. कुरणातून, बुटांत गवत घुसत, तरंग-जाकिटासकट गावच्या टेलिफोनपर्यंत पळाली. धक्क्यावर फोन कोणी उचलला कोण जाणे, पण पॅडरला हाका मारत माणसं गेली, आणि तो धापा टाकत आला.

"झालं?" त्याने विचारलं.

डिम्पनाच्या तोंडून शब्द फुटेना. सगळ्या परगण्यात शब्दांसाठी नावाजलेली मुलगी. ती नुसती हसत आणि रडत उभी होती.

"बरं," पॅडर म्हणाला. "होडीला रंग लावायला घेतो."

पुढचं थोडक्यात. मंगळवारी संसदेत प्रश्नाचं उत्तर बाकं वाजवून स्वीकारण्यात आलं. क्विलिगन साहेबांना बढती मिळून ते डब्लिनला अखिल देशाच्या पूर-सज्जतेचे संचालक झाले. त्यांना आणखी दोन मुली आहेत, त्यामुळे देशाची सज्जता काही वर्षं तरी चांगली राहील. मंत्रालयाच्या माहितीपुस्तिकेत चौदाव्या पानावर अ‍ॅट्रॅक्टा आणि तिच्या नवऱ्याचं छायाचित्र आहे. ते पाहून श्वासोच्छ्वासाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांची संख्या तिप्पट झाली. नोव्हेंबरात स्लीवन नदीला खरा पूर आला तेव्हा तंबू संचालकसाहेबांच्या गवताच्या कोठीत वाळत होते आणि पथक त्यांचं सामान हलवायला डब्लिनला गेलं होतं. लोक आपले आपण सिनेमाघरात जाऊन बसले. कोणी बुडालं नाही. अहवालात याचं श्रेय सरावाला दिलेलं आहे, आणि ड्रमशॅलनची माणसं घरून जेवून निघाली होती हेही त्यात मुद्दाम नोंदवलं आहे.

डिम्पना आणि पॅडर यांचं लग्न सप्टेंबरात लागलं. एकतीस माणसं, मासे, आणि एकच अ‍ॅकॉर्डियन. बंदर-कचेरीतले तिचे नवे साहेब इतके सरळ की स्वतःच्या पत्राचं तिकीट गावात जाऊन विकत आणतात. डिम्पना आता नोंदवहीत होड्यांची नावं आणि माशांचं वजन लिहिते. बांगडा असेल तर बांगडा.

पण तिची कीर्ती तिच्या आधी गावात पोचली होती. पहिल्याच आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या: छपराच्या अनुदानात स्वयंपाकघराची फरशी बसवायची होती, दोनच ओळी हव्या होत्या. मग बोट लागणारा डॉक्टर आला. दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या जेवणावर पॅडरने घसा साफ केला.

"त्या माणसासाठी तू सात वर्षं लिहिलंस," तो म्हणाला. "मला होडीच्या परवान्यापुरतंच. अर्धं पान."

डिम्पनाने त्याच्यापुढून बटाटे उचलले आणि आत नेले. तीन दिवस तो स्वतः रांधून जेवला. परत विचारलं नाही.

ही हकिकत आम्ही आजवर पुष्कळांना सांगितली. सगळे तळमळतात. साहेबांना नावं ठेवतात, सरकारला ठेवतात, पोरीच्या सात वर्षांसाठी चुकचुकतात. आणि निघताना दारात चपला घालता घालता, जरा मागे रेंगाळून, आवाज खाली आणून विचारतात, 'त्या बाई अजून लिहून देतात का हो कुणाला? आमचं तसं काही नाही. साधंच काम आहे. नियमात बसण्यासारखंच आहे, फक्त कुणीतरी बसवायला हवं.' म्हणून गावाचं खरं नाव आम्ही वर दिलेलं नाही. कॅरिगबान नकाशात शोधू नका.

शोधलंत? बरं, मग निदान काम काय होतं तेवढं सांगा.